मी येतो की मी येते

पुणे

प्रिय आईस, रूपालीचा जय भीम.

मी मजेत आहो. फोनवर कमी बोलतो म्हणून काळजी नको करू. खोलीतल्या पोरी माझं बोलणं ऐकून हासतात, म्हणतात, पोरगी असून 'मी येतो' काय म्हणते!

काल बालवाडीत एक पोरगी खिडकीवर चढली. तिले खाली उतर म्हणाले मी शुद्ध शब्द जुळवत राहिली, अन् तिचा पाय सटकला. तवा ओरडली, "अवं पोरी, काय करून राहिली!" अन् धरलं तिले.

मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलं हेच शिकतील. महिन्याभरात भाषा सुधारा, नाहीतर दुसरी शिक्षिका बघू." पोरगी वाचली, हे कोणी बोललंच नाही.

बाबाचा खोकला कमी झाला काय?

आता मी रोज आरशासमोर "मी येते, मी जाते" घोकून राहिली. सुट्टीत घरी पांढुर्ण्याले आली अन् तोंडातून तसंच निघालं, तर मले परकी समजू नको.

तुझीच,
रूपाली