थांबण्याची परीक्षा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? दाजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? मी ठीक आहे, म्हणजे खातोपितो, पण एका जागी बसवत नाही. (तू म्हणशील, कधी बसवत होतं? बरोबर आहे.) हे पत्रसुद्धा दुकानात उभ्यानेच, आरशाखालच्या फळीवर लिहितोय, तेव्हा कुठे साबणाचा डाग पडला असेल तर समजून घे.

मी संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला जातो हे तुझ्या कानावर आलंच असेल आणि तू पोटभर हसलीही असशील. पण करू काय? हल्लीची पोरं खुर्चीत बसतात, फोनमधला कुठला तरी फोटो दाखवतात आणि इंग्रजीत सूचना सोडतात. मी मान डोलावतो आणि अंदाजाने कात्री चालवतो. अशाने एक दिवस मार खाईन म्हणून वर्गात नाव घातलं. मास्तरांनी सध्या क्रियापदं घेतली आहेत, तीही फक्त सरळ स्वभावाची. मागे शेपटी लावली की झाला भूतकाळ. जन्मभर लोकांच्या मानेवरच्या शेपट्या कापल्या आणि आता या वयात मास्तर म्हणतात, लाव! त्यात माझ्या धंद्याचं मुख्य क्रियापद 'कट', ते मेलं शेपटी लावूनच घेत नाही. त्याला वाह्यात ठरवून मास्तरांनी पुढच्या वर्गात ढकललंय.

मास्तरांची आणखी एक तऱ्हा आहे. क्रियापद नुसतं म्हणायचं नाही, करत करत म्हणायचं. 'वॉक, वॉक्स' म्हणत चालायचं, आणि 'वॉक्ड' मात्र चालणं पुरं झाल्यावरच तोंडातून काढायचं. ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली की परवा बँकेचा पहारेकरी दाढीला आला आणि घात झाला. (त्याची बंदूक नावाला आहे, खरा धाक मिशांचा.) तो खुर्चीत घोरायला लागला आणि मी वस्तऱ्याबरोबर 'शेव्ह, शेव्ह्ज' सुरू केलं. अजून गालावरच होतो, तेवढ्यात घाईघाईत तोंडातून 'शेव्ह्ड' निसटलं. शब्द तर पुढे गेला, काम मागे राहिलं. हाताने मग इमानदारीने ते पुरं करायला घेतलं आणि हात थांबला तेव्हा डावीकडची मिशी गेलेली! जागा झाल्यावर तो आरशात बघून म्हणाला, "दुसरी तरी कशाला ठेवतोस?" आवाजही निम्माच झाला होता बिचाऱ्याचा. आता बँकेत आलेल्या म्हाताऱ्या बायका त्यालाच 'बाळा' म्हणून पत्ते विचारतात म्हणे.

हे सगळं मी सोसलं असतं. पण ताई, परीक्षा! पास होईल तो पुढच्या वर्गात, नापास होईल तो पुन्हा पहिल्या धड्यापासून. आणि माझ्या शेजारी बसतात त्या समोरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई. त्यांची सगळी क्रियापदं तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारलं तरी शेपटीसकट सांगतील. माझं काही अडलं तर वहीआडून हळूच सांगतात. त्या पुढे जाणार हे ठरलेलंच, तेव्हा मला पास होणं भाग होतं. (चष्मा विसरलो की फळ्यावरचं मला वाचून कोण दाखवणार, एवढाच प्रश्न आहे. दुसरं काही नाही.)

काल परीक्षा झाली. मास्तरांनी मला क्रियापद दिलं 'वेट', म्हणजे थांबणे. थांबणं करून दाखवायचं म्हणजे काय करायचं, सांग! मी आपला थांबतो तसा थांबलो, म्हणजे फळ्यापासून दारापर्यंत फेऱ्या घालायला लागलो. पाय चालताहेत म्हटल्यावर तोंड पायांचंच ऐकणार. मी खणखणीत आवाजात 'वॉक, वॉक्स, वॉक्ड' म्हणून मोकळा झालो. सगळा वर्ग हसला. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. मास्तरांनी तिथल्या तिथे नापास केलं आणि मी बाकीच्यांची परीक्षा न बघता तडक घरी आलो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आता ठरवलंय, इंग्रजी बंद. शब्दकोश तुझ्या नातवाला पाठवून देतो. दाजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. शब्दकोश पाठवत नाही. आत्ताच मास्तर केस कापायला येऊन गेले. डोकं स्थिर ठेवत नव्हते, सारखे मान हलवत होते. सांगत होते, काल परीक्षेत माझ्यानंतर बाईंचा नंबर होता. त्यांना 'ओपन' दिलं, जे त्या रोज सकाळी दुकानाचं शटर वर करताना करतात. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "येत नाही." मास्तरांनी 'वॉश' दिलं. तेही येत नाही! मास्तर मला विचारत होते, बाईंची तब्येत बरी नाही का? मी त्यांची मान सरळ केली आणि घाईघाईत कात्री चालवली.

ता. क. दुसरं. चष्म्याचं वर लिहिलंय ते खोटं. मला त्यांच्या शेजारी बसायला आवडतं. झालं, लिहिलं एकदाचं. तुझी भावजय गेल्यापासून हे घर मला खायला उठतं, हे तुला माहीत आहे. बाईंचं लग्न घरच्या जबाबदाऱ्यांत राहूनच गेलं. तेव्हा कंबर बरी असेल तर रविवारीच ये, आणि नसेल तरी ये. मी विचारायला गेलो तर घाईत काय बोलून बसेन याचा नेम नाही. त्यांच्या घरी आई आहे, तिला कमी ऐकू येतं, म्हणून जरा मोठ्याने विचार. मी खाली जिन्यात असेन, मलाही ऐकू येईल.