खसखशीएवढा दगड

मंगळवार, दिवेलागण

स्वतः गेला आन मला खोटं बोलायला लावून गेला. मिलिंद, माझा लेक. रविवारी त्याच्या मातीला सगळी आळी लोटली, त्याची पोरगी तेवढी नव्हती. सुजाता परदेशात शिकती. खसखशीएवढा दगड दोन हिऱ्यांच्या टोकांमधी दाबती, जमिनीच्या पार पोटात असतो तेवढा दाब देती, आन एक्स-रेनं त्याची आतली ठेवण बघती. त्या मोठ्या यंत्राची पाळी तिला लई वाट बघून मिळाली. म्हणून यानं दवाखान्यातच बजावलं, "माय, तिचं काम होईस्तोर कळवू नको."

सिल्लोडची नणंद म्हणली, "बापापरीस दगड मोठा झाला का गं?"

"खसखशीएवढाच हाय. तू च्या पी," म्हणलं.

आज पोरीचा फोन आला. "आज्जी, दाबाखाली दगडाची ठेवणच बदलली! बाबांना दे ना."

"झोपलाय."

वर मीच विचारलं, "दाब काढल्यावर काय होतं त्याचं?" कशाला विचारलं, काय माहीत.

"ते उद्या बघायचं. मग संपलंच काम."

शेजारणीनं आणलेलं पिठलं-भाकर खाल्लं. मिठाचं होतं का अळणी, सांगता यायचं नाय. रडू बी येत नाय. खसखशीचा दाणा दातात अडकल्यागत कायतरी हाय, तेवढंच.

सुनेला सांगून ठेवलंय, नणंदेला बी. उद्या सुजाताचा फोन वाजला की कुणी हात लावायचा नाय. मी उचलणार.