एका अंगावर

माय,

बाळंत होताना मी पार मागपर्यंत फाटले. टाक्यांना आज बावीस दिवस झाले. कोमट पाण्याच्या टबात बसलं, की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. फोनवर तू म्हणालीस, "समद्याच बायांना व्हतं, लई कौतुक करू नगं."

काल पोरीला पाजताना आरशात पाहिलं. एका अंगावर कलून बसले होते, हुबेहूब तुझ्यासारखी. पंगतीत तू अशी बसायचीस, आम्ही भावंडं हसायचो आणि तूही हसायचीस. माझ्या वेळी तूही फाटली होतीस ना?

डोहाळजेवणाला दौलताबादहून सीताफळं आणलीस, पण हे माझ्यापासून लपवलंस.

तुला वाचता येत नाही. दादाच वाचून दाखवील, म्हणून हे पत्र पाठवत नाही. बघ, मीही गप्पच राहिले.

तुझी,
करुणा