मुंगी छाप मोटरसायकल

२ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

काम पडल्याशिवाय भाचीला मामा आठवत नाही, असं मामी म्हणालीच असेल. खरं आहे. पंधरा तारखेपासून मला रुग्णांच्या घरोघरी जाऊन मलमपट्टी करायची नोकरी लागली आहे. अट एकच, गाडी स्वतःची हवी. मागच्या गल्लीत कारखान्यात लेथ चालवणाऱ्या एका निवृत्त टर्नरकडे मोटरसायकल विकाऊ आहे. टाकीवर नाव नाही, नुसती पितळी मुंगी. तीन दुकानांत विचारलं, तिन्हीकडे हात टेकले. तुम्ही जन्मभर गॅरेज चालवलंत. सांगा, ही कुठली कंपनी?

लोभ आहेच, उत्तर लवकर आलं तर वाढेल.

तुमची भाची

५ मार्च

चि. खारूताईस,
अ. आ.

मुंगी छाप कंपनी या भूतलावर नाही. असती तर मला ठाऊक असती. तरी बघायचीच असेल तर सकाळी न सांगता जा. आधी इंजिनाला हात लाव. गरम लागलं तर समज, थंड असताना ते सुरू होत नाही. धूर निळा नको. मागे उभी राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघ. शेवटी चासीचा, म्हणजे सांगाड्याचा, आणि इंजिनाचा नंबर बघ. कंपनीचे आकडे ओळीत असतात. हाताने ठोकलेले, वाकडे दिसले तर गाडी चोरीची. तिथून थेट घरी ये, चहालासुद्धा थांबू नकोस.

मामी तब्येत विचारते. माया आहे, म्हणून धाक आहे.

तुझा मामा

९ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

सात वाजता गेले. इंजिन गार, पहिल्याच किकला सुरू. धूर नाही, चाकं सरळ. मग वाकून नंबर पाहिला. चासीवर ‘१’, इंजिनावर ‘१’, दोन्ही हाताने ठोकलेले, वाकडे.

चहाला थांबले नाही, पण तोंडही गप्प बसेना. तुमचं म्हणणं त्यांना जसंच्या तसं सांगितलं. ते रागावले नाहीत. आतून गाडीचं सरकारी पुस्तक आणलं. बनवणाऱ्याच्या रकान्यात त्यांचंच नाव होतं!

मामा, ती गाडी त्यांनी स्वतः घडवली आहे. कारखान्यातून सुटल्यावर रोज दोन तास, अशी अकरा वर्षं. इंजिनाचं ओतकाम घरामागे केलं, सिलिंडर घरच्या लेथवर कातला. टायर, साखळी, दिवा आणि प्लग तेवढे विकतचे. दुसरी केलीच नाही, म्हणून नंबर एक. बायको त्यांना मुंगी म्हणायची, कणकण आणतात म्हणून. ऐकता ऐकता माझा हात टाकीवरून आपोआप मागे आला. इतकं मोठं काही मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

आता त्यांचे हात थरथरतात. हॉटेलात शोभेला मागणाऱ्याला त्यांनी नकार दिला. रोज चालवणाऱ्यालाच द्यायची आहे. पण हिचा एक भाग मोडला तर जगात कुठल्या दुकानात मिळेल? रस्त्यात बंद पडली तर रुग्ण ताटकळेल आणि माझी नोकरी जाईल. बाबा म्हणतात, सरळ साधी स्कूटर घे. मन मात्र तिथेच अडकलं आहे. काय करू?

तुमच्या शब्दाची वाट पाहणारी,
भाची

१२ मार्च

चि. खारूताईस,
अ. आ.

पत्र तीनदा वाचलं, एकदा मामीला मोठ्याने. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची इंजिनं उघडली आणि पुन्हा जोडली, आणि त्या जोरावर मिशीला पीळ दिला. त्या गृहस्थांनी धातू ओतून इंजिन जन्माला घातलं, आणि मी घरबसल्या त्यांना चोर ठरवलं. माझ्या वतीने आधी माफी माग.

गाडी घे. बाबांशी मी बोलतो. रविवारी मापं घ्यायची हत्यारं आणि कोऱ्या वह्या घेऊन येतोय. ते सांगतील, मी एकेक भाग कागदावर उतरवीन आणि त्यांच्याच लेथवर करायला शिकेन. माझे हात अजून थरथरत नाहीत. फक्त त्यांना विचारून ठेव, अडुसष्ट वर्षांचा शिकाऊ चालेल का.

लोभ असू दे, आणि त्यांच्यापाशी माझ्यासाठी एक चांगला शब्द.

तुझा मामा