आलात म्हणणारा वॉचमन

वडपे, भिवंडी

ती. आईस, दर्शनाचा नमस्कार.

मी बरी आहे. गोदामात पॅकिंगचं काम आहे, ऊन लागत नाही. तुझा गुडघा कसा आहे?

इथला म्हातारा वॉचमन सांगतो, मी सोलापूरचा, समुद्र कधी पाहिला नाही. पण परवा ट्रकवरचा जाड दोर सुटला तेव्हा तो ओरडला, "आलात धर!" इथे सगळे रस्सी म्हणतात. गलबत धक्क्याला बांधायच्या दोराला आलात म्हणतात ती आपली किनाऱ्यावरची माणसं. मी त्याला आपलं गाव सांगितलं, तेव्हापासून तो तोंड चुकवतो.

आई, मी पाळण्यात असताना आबा गलबतावरून पडून बुडाले म्हणतेस. मग दर सणाला दार लावून तू कुणाच्या नावाचं कुंकू लावतेस?

खरं लिही.

तुझीच,
दर्शना