आबांची पेटी आणि लोणंदची वाट

मी, शालूबाई जोतीराम सूर्यवंशी, वय त्र्याहत्तर, राहणार कडेगाव, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण होते ते माझ्या वडिलांचे. ते अजून उतरलेले नाही.

१. माझे वडील, आबा, एकाहत्तरच्या युद्धात राष्ट्रपतींचे सल्लागार होते. त्या काळचा त्यांचा सगळा पत्रव्यवहार लोखंडी पेटीत माझ्या खोलीत आहे. आबांनी घर माझ्या नावे केले ते अट घालून: पेटी घराबाहेर जाऊ नये आणि मी एकही रात्र घराबाहेर काढू नये, नाहीतर घर माझा भाऊ उदयसिंह याचे. वकिलांना विचारले. अट माझ्या हयातीपुरतीच आहे म्हणाले. म्हणजे सुटका आहे, फक्त ती बघायला मी नसेन.

२. आबांनी ही अट घातली तेव्हा लोणंदच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली होती. गेले असते तर घर उदयसिंहाकडे जाऊन त्याने ते विकले असते आणि आईच्या डोक्यावरचे छप्पर गेले असते. आई वारली तोवर माझीच उमेद सरली होती. दर हिवाळ्यात पत्रे अंगणात बाजेवर ऊन खायला घालते आणि कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा पेटीत लावते. एका पत्रात आबांनी राष्ट्रपतींना कळवले आहे की युद्धकैद्यांना गरजेपेक्षा एक दिवसही जास्त डांबून ठेवू नये, त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत असेल. पत्र फार सुरेख आहे. मला दर वेळी संताप येतो.

३. सर्व पत्रे सरकारी पुराभिलेखागारात द्यावीत. युद्धकैद्यांविषयीचे ते पत्र सर्वांत वर ठेवावे.

४. रिकामी पेटी उदयसिंहाला. दर पंधरा ऑगस्टला पुढाऱ्यांना आणून तो तिच्याशेजारी फोटो काढतो आणि मला म्हणतो, "आक्का, तू हायस म्हणून आबांचं नाव हाय." आत काय आहे ते त्याने कधी उघडून पाहिले नाही, तेव्हा त्याचे काही अडणार नाही.

५. घर उदयसिंहाची मुलगी क्रांती हिला. ती सांगलीला दवाखान्यात नर्स आहे, सुट्टीला येते आणि मला हसवून जाते. या कलमात मी आणखी एक ओळ लिहिली होती: तिने घर विकू नये, तिथेच राहावे. साक्षीदार अश्फाक वाचता वाचता थांबला. "आवं आक्का, ही तर आबांचीच अट झाली की!"

ओळ मी स्वतःच्या हाताने खोडली असून शेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे. क्रांतीने घर विकावे, पाडावे, भाड्याने द्यावे. कोणाला विचारत बसू नये.

६. माझे अंत्यसंस्कार लोणंदला करावेत. रक्षा तिकडेच नीरा नदीत सोडावी. एका रात्रीसाठीसुद्धा मला या घरात परत आणू नये.

वरील सर्व आम्हा तिघांसमोर मोठ्याने वाचले गेले आणि मला मान्य आहे.

सही: शालूबाई जोतीराम सूर्यवंशी

साक्षीदार:
अश्फाक दिलावर तांबोळी, सुतारकाम, कडेगाव
दादासो बिराप्पा माने, शेजारी, कडेगाव

स्थळ: कडेगाव, राहत्या घरी
दिनांक: १२ जानेवारी २०२६