शॉनचा मासा

शनिवार, मे २००४, लिमरिक, आयर्लंड

धरलेला मासा इथे परत पाण्यात सोडतात, हे सुनीलला मला आधी सांगता आलं नाही? पोटचा पोरगा ना तो. शेजारच्या शॉनने तळ्यावर हातभर लांब पाईक मासा धरला, हात ओले करून अलगद गळ काढला आणि फोटोसाठी माझ्याकडे दिला. मी कोळीवाड्यातली, दगड उचलून माशाच्या डोक्यात घातला. वर मराठीतच विचारलं, "डोकं कुणाला देऊ?" शॉन नुसता "ग्रँड" म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत "ठीक आहे". हात अजून ओलेच होते त्याचे.

घरी येताना सुनील म्हणाला, "आई, तीन वर्षं हाच मासा धरून सोडत होता तो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची, तर मला इंग्रजी कुठे येतं? सुनील, हे वाचलंस की बुधवारपर्यंत सांग, त्याच्या दारात माझ्याबरोबर येतोस की मी एकटी जाऊ?